लॅपटॉपवर वायफाय तुटतं, रेंज पुरत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेजारीपाजारी, नातेवाईक आणि लॅपटॉप दुरुस्तीला आणणारी माणसं ज्या शब्दांत विचारतात, त्याच शब्दांत हे प्रश्न ठेवले आहेत. मुलाची ऑनलाइन परीक्षा किंवा ऑफिसची मीटिंग मध्येच तुटली की घरात काय घालमेल होते ते मी पाहिलं आहे, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत. एकच विनंती: बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय नवा राउटर घेऊ नका, रिपीटर घेऊ नका आणि काहीही रिसेट करू नका. पहिले तीन प्रश्न त्याच शोधासाठी आहेत, ते गाळू नका.

## रेंज फुल्ल दिसते, तरी नेट चालत नाही. मग रेंज खोटी दाखवतात का?

रेंज खरीच असते, पण ती अर्ध्याच रस्त्याची असते. लॅपटॉपपासून इंटरनेटपर्यंत दोन टप्पे आहेत. पहिला लॅपटॉप ते राउटर, हवेतून. दुसरा राउटर ते कंपनी, फायबर किंवा केबलमधून. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या काड्या फक्त पहिल्या टप्प्याच्या आहेत. रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडली तरी काड्या पूर्णच दिसणार, कारण राउटर तुमच्या हॉलमध्ये जागच्या जागी चालू आहे.

फायबरच्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल पेटला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. अशा वेळी लॅपटॉपला हात लावू नका, कंपनीला फोन करा.

## दोष वायफायचा की कंपनीच्या लाइनचा, हे घरी कसं ओळखायचं?

पिंग नावाची साधी चाचणी आहे, पैसे पडत नाहीत. विंडोजमध्ये स्टार्टला सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. त्यात आयपीकॉन्फिग असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. वायफायच्या भागात डिफॉल्ट गेटवे या ओळीसमोर जो आकडा येतो तो तुमच्या राउटरचा पत्ता. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो.

आता पिंग, मग तो पत्ता, मग उणे चिन्ह आणि त्याला जोडून टी असं लिहून एंटर दाबा. ओळी पडत राहतील. दुसरी काळी खिडकी उघडून तसंच ८.८.८.८ या पत्त्यासाठी करा. तो गूगलचा सर्व्हर आहे. दोन्ही शेजारी शेजारी दहा मिनिटं चालू द्या, नेहमीचं काम करत राहा आणि नेट अडकलं की लगेच दोन्ही खिडक्या बघा. थांबवायला कंट्रोल आणि सी.

राउटरकडून उत्तर १ ते ५ मिलिसेकंदांत येत असेल आणि क्वचितच १०-२० वर जात असेल, तर तुमचं वायफाय ठणठणीत आहे. त्याच वेळी ८.८.८.८ च्या खिडकीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसत असेल तर दोष राउटरच्या पलीकडचा. उलट राउटरचाच आकडा २००, ५०० असा उड्या मारत असेल किंवा तिथेच टाइम आउट येत असेल, तर गडबड घरातल्या हवेत किंवा लॅपटॉपमध्ये आहे. मग कंपनीचा माणूस चार वेळा येऊन गेला तरी फरक पडणार नाही.

त्याहून पक्की खात्री हवी असेल तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून बघा. केबलवर सगळं सुरळीत आणि वायफायवर तुटतंय, म्हणजे निकाल लागला.

## काड्यांपेक्षा अचूक मोजमाप आहे का?

आहे, आणि ते शिकून घ्यायलाच हवं. रेंज डीबीएम या एककात मोजतात. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ च्या आसपासपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७० च्या खाली कुरकुर सुरू होते आणि उणे ८० ला जोडणी फक्त नावाला उरते. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते आणि १० डेसिबलला दहावा भाग उरतो. म्हणजे उणे ६० आणि उणे ७० हे आकडे शेजारी वाटले तरी त्यांत दहापटीचा फरक आहे.

मॅकवर ऑप्शनचं बटण दाबून धरा आणि वायफायच्या चिन्हावर क्लिक करा. आरएसएसआय (हाच तो रेंजचा उणे आकडा), नॉइज (हवेतला गोंगाट), चॅनल सगळं समोर येतं. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, इंटरफेसेस हे चार शब्द इंग्रजीत, मध्ये एकेक जागा सोडून लिहा. नव्या विंडोज ११ मध्ये यासाठी लोकेशन चालू करायला सांगेल. इथे सिग्नल टक्क्यांत दिसतो: १०० टक्के म्हणजे साधारण उणे ५०, ६० टक्के म्हणजे साधारण उणे ७०. त्याच यादीत चॅनल आणि मिळणारा वेगही असतो, तो कागदावर टिपून ठेवा.

विंडोजमध्ये आणखी एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे. काळी खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून शेवटच्या शब्दाऐवजी डब्ल्यूलॅनरिपोर्ट लिहिलं, तर गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि का तुटलं याचा अहवाल तयार होतो. "कधीतरी तुटतं, नक्की सांगता येत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी हा अहवाल काढावा.

## माझ्या मोबाइलवर त्याच जागी नेट मस्त चालतं, लॅपटॉपवरच का नाही?

आधी मोबाइलचा डेटा बंद करून बघा. आजचे फोन वायफाय कमजोर वाटलं की तुम्हाला न विचारता मोबाइल डेटावर जातात, आणि आपल्याला वाटतं की वायफाय झकास आहे. डेटा बंद केल्यावर मोबाइलही रडायला लागला तर दोष लॅपटॉपचा नाही.

डेटा बंद करूनही मोबाइल पळतोय? मग दोघं एकाच बँडवर, म्हणजे २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ यांपैकी एकाच लहरींच्या पट्ट्यावर, आहेत का ते बघा. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर आणि लॅपटॉप २.४ वर असेल तर तुलनाच चुकीची. स्वस्त आणि जुन्या लॅपटॉपांत अनेकदा फक्त २.४ चं कार्ड असतं आणि अँटेनाही एकच जोडलेला असतो. बँड तोच असूनही फरक असेल तर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), वीजबचत किंवा अँटेना या तिघांपैकी एक गुन्हेगार. तिघांची उत्तरं पुढे आहेत.

## २.४ की ५ गिगाहर्ट्झ? दोन नावं दिसतात.

राउटरच्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत बसत असाल तर ५. दोन भिंतींपलीकडे असाल तर २.४. पाच गिगाहर्ट्झला वेग जास्त आणि गर्दी कमी, पण भिंत पार करताना तो लवकर दमतो.

दोन्हींचं नाव एकच ठेवलं असेल तर कुठे जायचं हे लॅपटॉप स्वतः ठरवतो, आणि पुष्कळदा चुकीचं ठरवतो. राउटरच्या सेटिंगमध्ये नावं वेगळी करता येतात; एकाच्या मागे ५ लावा म्हणजे झालं. ते जमत नसेल तर विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, तुमचं वायफाय कार्ड, ॲडव्हान्स्ड या वाटेने जा. बऱ्याच कार्डांत तिथे प्रिफर्ड बँड असतं.

## हॉलमध्ये नेट पळतं, आतल्या खोलीत मरतं. राउटर बदलू का?

आधी राउटरची जागा बदला. फायबर घालायला आलेला माणूस डबा दाराजवळ लावतो, कारण केबल तिथून आत येते. त्यात तुमच्या सोयीचा विचार नसतो. मग घरातली माणसं तो नजरेआड करायला टीव्हीच्या युनिटमध्ये, कपाटावर किंवा चपलांच्या स्टँडमागे ढकलतात. लोखंडी कपाट ही वायफायची सगळ्यात मोठी भिंत आहे. मोठा आरसाही तसाच, कारण त्याच्या मागे धातूचा थर असतो. फ्रीज, माशांची टाकी, पाण्याने भरलेलं पिंप हे सगळे वाटेत नकोत.

भिंत कसली आहे यावर सगळं ठरतं. फ्लॅटमधली चार इंची विटेची भिंत फार त्रास देत नाही, पण आरसीसीचा खांब आणि लिफ्टची भिंत देते, त्यात लोखंड आहे. कोकण-गोव्यातल्या जुन्या घरांत जांभ्याच्या जाड भिंती, देशावरच्या वाड्यांत काळ्या दगडाच्या. तिथे ५ गिगाहर्ट्झने दुसरी भिंत ओलांडावी अशी अपेक्षाच ठेवू नका. शिवाय पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात ओल धरलेली भिंत उन्हाळ्यापेक्षा जास्त अडवते. जुलैत नेट बिघडलं म्हणून सांगणाऱ्या माणसाला हसू नये, त्याचं निरीक्षण खरं असू शकतं.

राउटर घराच्या मध्याजवळ, छातीच्या उंचीला किंवा त्याहून वर, उघड्यावर ठेवा. त्याच्या अँटेनाच्या काड्या उभ्या असतील तर रेंज आडवी पसरते, वरखाली कमी जाते. माडीवर बसणारं कोणी असेल तर एक काडी आडवी करून बघा. डबा हलवायला फायबर लांबवावी लागते असं समजू नका. फायबरचा डबा दारात राहू द्या आणि तिथून लॅन केबल आत नेऊन दुसरा राउटर मध्यावर लावा. जागा बदलण्याआधी आणि नंतर डीबीएमचा आकडा लिहा. अंदाजाने ठरवू नका.

## दिवसा ठीक असतं, रात्री आठ ते अकरा मात्र हाल. का?

आधी दोन खिडक्यांची पिंग चाचणी त्याच वेळी करा. राउटरचा आकडा शांत आणि बाहेरचा बिघडलेला, तर तुमच्या भागातली लाइन संध्याकाळच्या गर्दीने तुंबते आहे. त्यावर घरात इलाज नाही.

राउटरचाच आकडा बिघडत असेल तर कारण इमारतीच्या हवेत आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झ बँडवर १ ते १३ चॅनल, म्हणजे बँडमधल्या छोट्या पट्ट्या, आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न टोचणारे फक्त तीन: १, ६ आणि ११. सोसायटीच्या एका मजल्यावर चार आणि वरखाली मिळून बारा राउटर असले की हे तीन चॅनल सगळ्यांत वाटून घ्यावे लागतात. चाळीतल्या सार्वजनिक नळासारखं हे आहे: एका वेळी एकच हंडा भरतो, बाकीचे थांबतात, आणि बारीक तोंडाची कळशी घेऊन कोणी बसलं की सगळी रांग खोळंबते. ही कळशी म्हणजे लांबच्या खोलीतला कमजोर रेंजचा जुना फोन. तो थोडासाच डेटा मागतो, पण सावकाश मागतो आणि तेवढा वेळ हवा अडवून ठेवतो.

मोबाइलवर वायफाय ॲनालायझर पद्धतीचं ॲप टाकून आसपासचे राउटर कुठल्या चॅनलवर आहेत ते बघा आणि १, ६, ११ पैकी सगळ्यात मोकळा घ्या. शहाणपणा करून ३ किंवा ८ घेऊ नका. दोन्ही बाजूंचा गोंगाट खावा लागतो. २.४ वर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० ठेवली की वेग वाढेल असं वाटतं, गर्दीच्या इमारतीत उलटं होतं.

शक्य असेल तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या बँडचा बराच मोठा भाग परवान्याविना खुला केला, त्यामुळे तिथे जागा पुष्कळ आहे. एक अडचण माहीत असू द्या: ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारही काम करतात. रडारची चाहूल लागली की राउटरला नियमाने चॅनल सोडावा लागतो, आणि त्या क्षणी तुमची मीटिंग तुटते. विमानतळाजवळ राहत असाल आणि ५ गिगाहर्ट्झ अधूनमधून गायब होत असेल तर राउटरला ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनल ठरवून द्या.

## मायक्रोवेव्ह लावला की नेट जातं, असं खरंच होतं?

होतं. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि थोडी गळती प्रत्येकात असते. ५ वर जा, प्रश्न मिटतो.

## पोर्टेबल हार्ड डिस्क जोडली की वायफाय मंदावतं. योगायोग असेल का?

योगायोग नाही. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, आणि इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर तांत्रिक टिपण काढलं होतं. निळ्या खाचेतली हार्ड डिस्क, स्वस्त यूएसबी हब, टाइप सी डॉक हे नेहमीचे संशयित. ब्लूटूथ माउस अडखळणं आणि वायफाय मंदावणं एकाच वेळी सुरू झालं, तर जवळजवळ नक्की हेच. केबल बदला, डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, हब लांब केबलवर ठेवा, किंवा लॅपटॉप ५ वर न्या.

## चार्जर काढला की वायफाय ढिलं पडतं, झोपेतून उठवलं की सापडतच नाही. हे का?

वीज वाचवायला लॅपटॉप वायफाय कार्डाला डुलक्या घ्यायला लावतो. काही कार्डं त्यातून नीट जागी होत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या गुणधर्मांत पॉवर मॅनेजमेंट हा टॅब उघडा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टरसाठी बॅटरीवरही मॅक्झिमम परफॉर्मन्स निवडा. नव्या काही लॅपटॉपांत यातलं एखादं दिसत नाही. मग ड्रायव्हर ताजा करणं हाच मार्ग. लिनक्स वापरणाऱ्यांनी नेटवर्कमॅनेजरच्या फाइलमध्ये वायफाय पॉवरसेव्हची किंमत २ ठेवावी, म्हणजे वीजबचत बंद.

ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, मॉडेल नंबर टाकून. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका. ती टाकून बिघडलेले लॅपटॉप दुरुस्तीला येतात, आणि वायफाय सोडून भलतंच साफ करत बसावं लागतं. विंडोज अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर त्याच गुणधर्मांत रोल बॅक ड्रायव्हर आहे, ते दाबा.

## वायफायचं चिन्हच नाहीसं झालं. कार्ड जळलं का?

बहुतेक वेळा नाही. एअरप्लेन मोड आणि कीबोर्डवरचं वायफायचं बटण तपासा. मग लॅपटॉप रीस्टार्ट करा, शट डाउन नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केलेला लॅपटॉप पूर्ण बंद होतच नाही, जुनी अवस्था जपून ठेवतो; रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने सुरू करतो. तरीही नाही? चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग चालू करा. अडकलेलं कार्ड पुष्कळदा यानेच शुद्धीवर येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्येही कार्डाचं नाव येत नसेल, तेव्हाच ते सैल झालंय किंवा गेलंय असं समजा.

## स्क्रीन किंवा बिजागरी बदलल्यापासून रेंज कमी झाली. दुकानदार म्हणतो, संबंध नाही.

थेट संबंध आहे. बहुतेक लॅपटॉपांचे वायफाय अँटेना स्क्रीनच्या चौकटीत किंवा बिजागरीजवळ असतात. तिथून दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, बिजागरीतून खाली उतरून वायफाय कार्डाला लागतात. टोकाची पितळी टोपी तांदळाच्या दाण्याहून लहान. दुरुस्तीत ती निघते, नीट बसत नाही, किंवा तार बिजागरीत चेमटते. पंखा साफ करताना, रॅम वाढवतानाही असं होतं.

घरच्या घरी चाचणी करा. राउटरपासून हातभर अंतरावर बसून डीबीएम बघा. तिथे उणे ३० ते ४५ च्या आसपास आकडा हवा. उणे ६५ किंवा त्याहून वाईट असेल आणि मोबाइल त्याच जागी छान असेल, तर अँटेनाची तार सुटलेली आहे. हा आकडा दुकानदाराला दाखवा आणि तार बसवून द्यायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे, नवं कार्ड घ्यायचं कारण नाही.

## भाच्याने अमेरिकेतून लॅपटॉप आणला, त्याला घरचं वायफायच दिसत नाही. बाकी सगळ्यांना दिसतं!

तुमचा राउटर १२ किंवा १३ चॅनलवर गेला असणार. अमेरिकेत साधारणपणे ११ पर्यंतच चॅनल वापरतात, आणि तिकडच्या बाजारासाठी बनलेली काही कार्डं त्यापुढे बघतच नाहीत. राउटरचा चॅनल आपोआप असतो, म्हणून कधी दिसतं, कधी दिसत नाही. चॅनल १, ६ किंवा ११ वर पक्का करा.

## 'कनेक्टेड, नो इंटरनेट' असं येतं. काय बघू?

आयपीकॉन्फिग करा. तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने तुम्हाला पत्ताच दिलेला नाही; लॅपटॉपने स्वतःच एक घेतला आहे. वायफाय विसरायला सांगून पुन्हा जोडा, नाहीतर राउटर बंद करून चालू करा.

पत्ता बरोबर असेल तर लॅपटॉपची तारीख बघा. जुन्या लॅपटॉपातला बटणसेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग सुरक्षित साइट्स प्रमाणपत्र चुकलं म्हणून उघडत नाहीत. लोक तासन् तास वायफायशी झगडतात आणि दुखणं घड्याळाचं असतं.

८.८.८.८ ला पिंग होतंय, पण साइटच्या नावाने काही उघडत नाही, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ठेवा. ऑफिसचं व्हीपीएन किंवा जुना प्रॉक्सी चालू राहिला असेल तर तो बंद करा.

## राउटर बदलला, पासवर्ड बरोबर आहे, तरी जुना लॅपटॉप जोडत नाही.

नवा राउटर डब्ल्यूपीए ३ या सुरक्षापद्धतीवर असेल. ही २०१८ ची पद्धत आहे, जुन्या ड्रायव्हरना ती कळत नाही, काही तर मिश्र पद्धतीवरही अडतात. राउटरमध्ये डब्ल्यूपीए २, एईएस निवडा. डब्ल्यूईपी ही जुनी, सहज फुटणारी पद्धत किंवा पासवर्डच नसलेलं वायफाय मात्र कोणी सुचवलं तरी ठेवू नका.

## लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालतो, पण नेट जातं. आणि लाइट आल्यावरही तासभर गोंधळ.

राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते बघा, पुष्कळ घरांत नसतो. सोपा उपाय म्हणजे राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस. घेताना तुमच्या डब्याच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवा. काही डबे ९ व्होल्टचे असतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही वीज हवी, एकाला देऊन उपयोग नाही.

लाइट परत आल्यावर गोंधळ होतो त्यामागे कधी कधी अडॅप्टर असतो. वर्षानुवर्षं कमी-जास्त दाब सोसून तो थकतो, दिवे लागतात पण पूर्ण ताकद मिळत नाही आणि राउटर दिवसातून अनेकदा आपोआप पुन्हा सुरू होतो. दर वेळी सगळ्या घराचं वायफाय एकदम तुटत असेल तर राउटर टाकून देण्याआधी त्याच मापाचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. विजा कडाडत असताना तांब्याची केबल असलेली लाइन आणि प्लग दोन्ही काढून ठेवा.

## रिपीटर घेऊ, मेश घेऊ की केबल टाकू?

केबल. मी हे दर वेळी सांगतो आणि लोकांना भिंतीवर वायर आवडत नाही, पण कॅट ५ई ची साधी केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, तिला ना भिंत अडवते ना शेजाऱ्याचा राउटर. लांबच्या खोलीत तिच्या टोकाला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लावला की झालं.

केबल शक्यच नसेल तर मेश, म्हणजे एकमेकांशी जोडून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे. साधा एका बँडचा रिपीटर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यात वेग निम्मा होतो. घ्यायचाच असेल तर तो मेलेल्या कोपऱ्यात लावू नका. जिथे रेंज अजून चांगली आहे अशा मधल्या जागी लावा.

दोन राउटर झाल्यावर नवी तक्रार येते: लॅपटॉप आत नेला तरी हॉलच्या राउटरला चिकटून राहतो. इंटेलच्या कार्डांत ॲडव्हान्स्डमध्ये रोमिंग अग्रेसिव्हनेस असतं, ते मीडियमवरून एक पायरी वर न्या. एकाच जागी बसून काम करणाऱ्याने मात्र ते वाढवू नये, लॅपटॉप उगाच राउटर बदलत बसतो.

## शंभरचा प्लॅन घेतलाय, लॅपटॉपवर चाळीसच दाखवतं.

एका अँटेनाचं २.४ चं कार्ड २० मेगाहर्ट्झवर फार तर ७२ मेगाबिटांनी बोलतं, आणि प्रत्यक्ष हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास येतं. चाळीस हे त्या कार्डाचं पूर्ण बळ आहे. आणि डाउनलोड करताना १२ दिसत असेल तर ते मेगाबाइट असतील. आठाने गुणा, शंभरच्या जवळ येतं.

## कार्ड बदलता येतं का?

बऱ्याच लॅपटॉपांत येतं, स्क्रू काढून बसवायचं छोटं एम.२ कार्ड असतं. काही पातळ लॅपटॉपांत ते बोर्डालाच डकवलेलं असतं, तिथे इलाज नाही. इंटेलचं एएक्स २१० बहुतेक ठिकाणी चालतं. एएक्स २०१ आणि २११ मात्र फक्त त्याला पूरक असलेल्या इंटेल प्रोसेसरांबरोबरच चालतात. एएमडीच्या लॅपटॉपात ती बसतील, चालणार नाहीत. विक्रेता हे सांगेलच असं नाही. यूएसबी डोंगल घेणार असाल तर नखाएवढं टाळा, काडी असलेलं घ्या आणि छोट्या एक्स्टेन्शन केबलवर लॅपटॉपपासून दूर लावा.

## रेल्वे स्टेशन किंवा हॉटेलचं वायफाय जोडतं, पण लॉगिनचं पान येत नाही.

२०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून आपल्या स्थानकांवर मोफत वायफाय सुरू झालं, तेव्हापासून हा प्रश्न आहे. व्हीपीएन बंद करा, डीएनएस आपोआपवर आणा आणि ब्राउझरमध्ये कॅप्टिव्ह डॉट ॲपल डॉट कॉम उघडा. विंडोजवरही चालतं. लॉगिनचं पान त्याच्या जागी येतं. अशा वायफायवर बँकेची कामं करू नका, त्यासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट बरा.

## नेटवर्क रिसेट कधी करायचं?

शेवटी. ते सगळे जतन केलेले पासवर्ड आणि व्हीपीएन पुसून टाकतं, म्हणून पासवर्ड आधी लिहून ठेवा.

## दोष कंपनीचाच निघाला, पण ते ऐकत नाहीत. "तुमचा लॅपटॉप बघा" म्हणतात.

म्हणूनच लॅपटॉप लॅन केबलने जोडून चाचणी करा आणि ८.८.८.८ च्या पिंगचे फोटो वेळेसह काढून ठेवा. तीन-चार दिवसांचे असतील तर उत्तम. केबलवर तुटतंय म्हटल्यावर वायफायचं निमित्त उरत नाही. तक्रार केल्यावर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार तो द्यावा लागतो, आणि तक्रार सुटली नाही तर त्याच नंबरावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तोंडी "बघतो साहेब" यावर अपील होत नाही. तेही फळलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.